द्वारकाबाईंचा विमा

घनसावंगीजवळच्या आमच्या गावात द्वारकाबाईंच्या ओसरीसमोरून कुणी गुपचूप जाऊ शकत नाही. मी त्यांची सख्खी शेजारीण, पण मलाही सूट नाही. "कुठं निघाली? एवढी घाई कशाची? चहा पिऊन जा," एवढं ऐकल्याशिवाय पाय पुढे पडत नाही. वय ऐंशीच्या पुढे, पण बाजेवर बसून अख्खी गल्ली चालवतात. मला त्यांचा राग येतो आणि त्यांच्यावाचून करमतही नाही.

दिवाळीनंतर त्यांचं हृदय थकलं. पायांवर सूज, दोन पावलांत दम. मुलगा सोमेश्वर जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत आहे आणि कंपनीच्या आरोग्य विम्यात आईचंही नाव आहे. गडी एरवी शहाणा, पण विमा म्हटला की त्याला ठाऊक फक्त पीकविमा. नुकसान झालं की तीन दिवसांच्या आत फोटो काढून कळवायचं. त्याने आईला बाजेवर बसवलं आणि चारी बाजूंनी फोटो काढले.

"काय रे, मी काय पाण्यात बुडालेलं सोयाबीन हाय का?" द्वारकाबाई करवादल्या.

त्याने फोन लावला, तर विमा कंपनीची मुलगी हसली. फोटो लागत नाहीत म्हणाली, दवाखान्यात भरती केलं की कळवा.

डॉक्टरांनी मात्र त्याला बाजूला घेऊन खरं ते सांगितलं. हे हृदय आता सुधारणार नाही. मोठ्या दवाखान्यात नळ्या लावून थोडे दिवस वाढतील. घरी राहिल्या तर औषधांनी त्रास कमी ठेवता येईल. काय करायचं ते त्यांनाच विचारा.

सोमेश्वरने विचारलं नाही, सरळ बॅग भरली. "माय, संभाजीनगरला जायचं. सगळा खर्चा इमा देतो. एवढा इमा असून तुला घरी ठेवलं तर लोक काय म्हणतील?"

द्वारकाबाईंना दवाखान्यातल्या काचेच्या खोलीत मरायचं नव्हतं. आदल्या दिवशीच मला म्हणाल्या होत्या, "तिथं माझ्यासमोरून कोण जाईल गं?" मी तसं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच मला गप्प केलं.

"मंग घरी राह्यले तर इमा काय देतो?"

सोमेश्वरला माहीत नव्हतं. त्याने पुन्हा फोन लावला. घरी नर्स हवी तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधी मंजुरी लागेल, तीही थोड्याच दिवसांची. बाकी सगळं आपलं आपण बघायचं.

"बघ माय, घरी फारसं कायबी मिळत न्हाई. इमा वाया जाईल."

"सोम्या, सोयाबीनचा इमा दरसाल भरतो ना तू? मंग गारा पडाव्या म्हणून देव पाण्यात घालून बसतो का?"

"न्हाई."

"पीक बराबर घरात आलं, तर भरलेल्या इम्यासाठी रडतो का?"

सोमेश्वरने नुसती मान हलवली.

"मंग मलाबी घरातच राहू दे."

तो दारातच खाली बसला आणि हमसून हमसून रडला. मलाही आवरलं नाही. मग उठून त्याने बॅग रिकामी केली, डॉक्टरांची चिठ्ठी आणली, मंजुरी मिळवली. आता उषाबाई नर्स रोज येतात, आणि त्यांनाही चहा पिऊनच जावं लागतं.

काल सोमेश्वर सुट्टी काढून आला होता. द्वारकाबाई ओसरीवर ऊन खात मजेत बसल्या होत्या. त्याला पाहून त्यांनी पदर सारखा केला.

"आता काढ फोटो," म्हणाल्या, "चारी बाजूनं. नुसकान न्हाई म्हणून कळव त्यांला."