देवघरातून आलेली केबल

माझ्या सासूला, म्हणजे आमच्या आईला, कमलाक्षीला, बाबांचा रेडिओ कधीच आवडला नाही. रेडिओ म्हणजे गाणी ऐकायचा नव्हे. परवाना काढून दूरदूरच्या माणसांशी बोलायचा, हॅम रेडिओ. बाबा, म्हणजे माझे सासरे सगुण, वीजखात्यातून निवृत्त झाले ते थेट माळ्यावरच जाऊन बसले. "माझी सवत मालयार रवता," असं आई आल्यागेल्याला सांगायची. गोव्यातल्या आमच्या धारगळ गावात घराची तेवढीच प्रसिद्धी.

गेल्या वर्षी बाबांचे पाय गेले. माळ्याची शिडी बंद झाली, तसं बोलणंही बंद झालं. जिभेला काही झालेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. दोन घास खायचे, पुरे म्हणून हात हलवायचे. हे आता असेच संपणार, अशी मला धास्ती बसली होती.

एका सकाळी आईने रेडिओ खाली उतरवायला लावला. प्रश्न राहिला केबलचा. अँटेना मागच्या माडावर आणि बाबांच्या खोलीची जनेल, म्हणजे खिडकी, रस्त्याकडे. घराला वळसा घालून आणायची तर केबल पुरत नव्हती. सरळ वाट एकच, मधल्या देवघराच्या भिंतीतून.

शेजारी कोल्हापूरकडचा केरबा गवंडी कामाला होता, त्याला बोलावलं. तो ड्रिल हातात घेऊन नुसता उभा. "देवाच्या भिंतीला भोक पाडायला हात धजंना, आई."

सोवळ्याच्या बाबतीत आईचा हात कोणी धरणार नाही. मी केस मोकळे ठेवून देवघरात पाऊल टाकलं तरी घर डोक्यावर घेते. तिने सगळे देव तबकात घेतले, स्वयंपाकघरात नेऊन ठेवले आणि पदर खोचून परत आली. "देव भायर काडले. आता ती नुसती भिंत. फोड."

ड्रिल घरघरलं, चिऱ्याची लाल धूळ उडाली, आणि आतल्या खोलीतून बाबा ओरडले, "भायल्या अंगान उतार धर रे! नायतर पावसाचा पाणी भितर येतला!"

आई होती तिथेच खाली बसली. मला रडू आवरेना. त्या भोकाचे माझ्यावर उपकार आहेत, हे मी आजही म्हणते. केरबाने उतार बाहेरच्या बाजूला काढला आणि पाणी बाहेरच ठिबकावं म्हणून केबलला खाली झोल दिला. तेही बाबांनीच पडल्या पडल्या सांगितलं.

संध्याकाळी रेडिओ लागला. पलीकडे बेळगावचे जुने स्नेही कृष्णनाथ. या लोकांना एकमेकांच्या यंत्रांची कोण उत्सुकता! "सगुणराव, इतके महिने कुठं होता? नवीन काय बसवलंत?"

"अँटेना जुनीच," बाबा म्हणाले. "केबल बायलेन भितर आणल्यान. कमलाक्षी तिचा नाव. तिच्यामुळे आज मी बोलतंय."

आई दारात वाती वळत होती. हात थांबले.

"बेळगावाक कळला," ती म्हणाली. "आता माका सांगा."

बाबांनी माइक खाली ठेवला आणि तिच्याकडे बघून तेच पुन्हा सांगितलं.