मोंढ्यातल्या गाड्या मोजणारे साडू

हिंगोली जिल्ह्यात संशयाचं पीक घेत असते, तर एकरी उताऱ्याचं पहिलं बक्षीस दरवर्षी माझ्या थोरल्या साडूंना मिळालं असतं. आणि बक्षीस देणाऱ्याचा यात काय डाव आहे, हे पाहिल्याशिवाय त्यांनी ते घेतलं नसतं. शिरड शहापूरचे हे गृहस्थ डॉक्टरनं दिलेली गोळी अर्धीच घेतात. उरलेली अर्धी पुरावा म्हणून डबीत ठेवतात. लग्नाची पत्रिका आली, की मुलीकडच्यांना फोन करून तारीख पडताळून घेतात.

असा माणूस शेअर बाजारात उतरला तो नातीसाठी. जावई अपघातात गेले, लेक चार वर्षांच्या पोरीला घेऊन माहेरी आली. पोरीच्या शिक्षणासाठी साडूंनी हळदीचे पैसे बाजूला काढले. मी पडलो शाळामास्तर, सल्ला दिल्याशिवाय राहवतं कुठं? म्हटलं, चार चांगल्या कंपन्यांचे शेअर घ्या आणि पोरगी कॉलेजात जाईपर्यंत विसरून जा. "विसरून जा" ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खरंच कुणाचा दलाल आहे की काय, अशी मलाच शंका आली.

त्यांचा जन्म हळदीत गेलेला. भाव आला की काढायची, पडला की दाबून ठेवायची. तेच त्यांनी शेअरला लावलं. सकाळी हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीच्या आवारात, जाऊन हळदीच्या गाड्या मोजायच्या आणि रांग लांब दिसली, की "आवक वाढली, आता पडतंय," म्हणून मोबाइलवरून सिमेंट कंपनीचे शेअर विकून मोकळे.

मी म्हटलं, "दादा, हळदीच्या गाड्यांचा सिमेंटशी काय संबंध?"

"बाजार म्हंजे बाजार. आन् तुमी काहून एवढी वकिली करून राहिले त्या कंपनीची?"

विकलेला शेअर चढत गेला. "कोणीतरी मुद्दाम चढवून राहिलंय," म्हणत साडू तो पडायची वाट पाहत बसले. शेवटी धीर सुटून वरच्या भावात घेतला, जरा घसरला तसा घाबरून पुन्हा विकला. असं तीन वर्षं चाललं. पोरगी दुसरीत गेली आणि तिचे पैसे निम्म्यावर आले.

परवा ते घरी आले, चहाला हात लावला नाही. "पोरीच्या पैशाला उंदीर लागला पाव्हणं, तो मीच हाय." मग खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे ठेवला. "उरले त्याचे पुन्हा शेअर घेतले. समदं ह्याच्यातच हाय. तुमच्यापाशी ठिवा. मी हात जोडून मागितला तरी देऊ नका."

मला भरून आलं. म्हटलं, "दादा, माझ्यावर एवढा भरोसा?"

"तुमच्यावर न्हाई," ते म्हणाले. "पर माझ्यावर त्याहून कमी हाय."

दारापर्यंत गेले आणि चपलेत पाय घालता घालता थांबले. "ती कॉलेजात जाईल तव्हा मी असंन का न्हाई, सांगता येत न्हाई. तुमी मातर असा."

मी "व्हय" म्हणालो. त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ निरखून पाहिलं, आणि काही न विचारता निघून गेले.