व्याह्यांचं कोडं आणि सोनेरी पट्टी

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात मी व्याह्यांना त्यांचीच वस्तू भेट दिली, आणि तीही कायमची बिघडवून.

झालं असं, की मीनलचं लग्न ठरत होतं तेव्हा मी पाय मोडून उस्मानपुऱ्याच्या घरी पडून होतो (दौलताबादला शेताच्या बांधावरून घसरलो, बैल बघत होता, त्यानंही मान फिरवली). होणारे व्याही मोहितेसाहेब नाशिकहून भेटायला आले आणि वेळ घालवायला म्हणून एक खोकं ठेवून गेले. आत जुन्या प्रवासी पोस्टकार्डांच्या चित्राचे तुकडे. आगबोटी, बर्फातली आगगाडी, उंट, नारळाची झाडं. ते जोडून चित्र पूर्ण करायचं.

"दर दिवाळीला आमचं सगळं घर याच्याभोवती बसतं," ते म्हणाले. "साखरपुड्याला याल तेव्हा घेऊन या. जपा हं."

मुलगी बघायला आले होते तेव्हा त्यांच्यासमोर मी बशीत ओतून, फुर्रर्र आवाज करत चहा प्यालो होतो. आता निदान हे काम तरी नीट करायचं, सासरी मुलीची मान खाली जाता कामा नये, असं मी ठरवलं.

पण सगळं आभाळ सारखंच निळं! त्यात माझा धाकटा भाऊ रोज येऊन चित्रातल्या कुठल्याही बुरुजावर बोट ठेवायचा.

"दादा, हा आपला देवगिरीच व्हय."

"अरे, मागं बर्फ दिसतोय."

"मग हिवाळ्यातला असंल."

एक तुकडा काही केल्या बसेना. बायकोनं अडकित्ता आणला आणि तुकड्याचा बाहेर आलेला कान उडवला. (त्याची खरी जागा नंतर उंटाच्या पोटाशी सापडली, पण तोवर कान केरात गेला होता.)

शेवटी चित्र पूर्ण झालं. मी ते सुटं करून खोक्यात भरणार, तोच बायको आडवी आली.

"मोडताय व्हय? लई जीव काढून केलंय तुम्ही. असं तुकडे करून द्यायचं का माणसाला?"

आमच्या घरात हातानं केलेली वस्तू काचेच्या फ्रेममध्येच जाते. मण्यांचे हंस, लोकरीचा गणपती, मीनलचा पहिलीतला कापसाचा ससा, सगळे भिंतीवर आहेत. त्यामुळे मला तिचं लगेच पटलं. मी कुबडी काखेत मारली आणि खालच्या फळीसकट चित्र रिक्षात घालून आम्ही शहागंजला फ्रेमवाल्या चाचांकडे गेलो.

"चाचा, एकही तुकडा हलला नाय पाहिजे," मी बजावलं.

"फिकर नको करो साब. ऐसा चिपकातूं, कयामत तक नै निकलता."

त्यांनी सरस ओतला, वरून वार्निश मारलं, मागून प्लायवूड ठोकलं. सोनेरी पट्टी बायकोनं निवडली. मीनल नोकरीला पुण्यात होती, त्यामुळे आम्हाला अडवायला घरात शहाणं कुणी नव्हतं.

साखरपुड्यात मोहितेसाहेबांनी कागद सोडला. बराच वेळ ते काचेवरून बोट फिरवत राहिले.

"आता हे दिवाळीला परत कसं लावायचं?"

"लावायचंच नाही," मी अभिमानानं म्हणालो. "दरवर्षीची कटकट कायमची मिटवली तुमची."

मीनलनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आनंदानं.

मोहितेसाहेबांनी फ्रेम भिंतीला टेकवली, चष्मा पुसला आणि हात जोडले.

"व्याही, मुलगी तेवढी फ्रेम न करता द्या."

सगळा हॉल हसला. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. कशाला, ते मीनलनं मला परतीच्या गाडीत समजावून सांगितलं.