बिडात मोडलेला टॅप

केडगावला आमचं घर वर आणि वर्कशॉप खाली. एक जुना लेथ, ड्रिल मशीन, वेल्डिंगचा सेट आणि दाराशी सासऱ्यांचं स्टूल. सासऱ्यांना सगळे आण्णा म्हणतात, मीही तेच म्हणते. सासूबाई गेल्या तेव्हा आण्णांना एकटं कसं ठेवायचं म्हणून मी इथं राहिले आणि नवरा चाकणला त्याच्या कंपनीत राहिला. थोडे महिने, असं ठरलं होतं. पुढे ते महिने कोणी मोजलेच नाहीत.

माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. चाकणला तुलाही काम मिळेल, असं नवरा म्हणायचा. मी इकडे सकाळी भाकरी करून शटर वर ढकलायची आणि दिवसभर आण्णांच्या हाताखाली काम करायची. शनिवारी नवरा यायचा, रविवारी संध्याकाळी परत जायचा. तो वळणावर दिसेनासा झाला की मी जिन्यात बसून राहायची. वर जावंसं वाटायचं नाही आणि खालीही.

त्यात आण्णांचा उजवा हात थरथरायला लागला होता. चहाची बशी वाजायची. ते बशी खाली ठेवायचे आणि मी दुसरीकडे बघायची. हाताबद्दल आम्ही दोघंही कधी बोललो नाही. बोललो असतो तर पुढचं सगळंच बोलावं लागलं असतं.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी देवळाली प्रवऱ्याहून एक बाई आल्या. वयानं माझ्याएवढ्याच. त्यांचा गाईंचा गोठा होता आणि दूध काढायच्या मशीनचा पंप बिघडला होता. पंपाचं बिडाचं, ओतीव लोखंडाचं झाकण त्यांनी गोणपाटात गुंडाळून आणलं होतं. त्यातल्या एका भोकाचे आटे पार गेले होते, बोल्ट नुसताच फिरत होता.

"संध्याकाळच्या धारंपर्यंत पायजे, आण्णा," त्या म्हणाल्या. "सकाळी कशातरी हातानं काढल्या. एवढ्या गाई हातानं हुत न्हाईत आता. सडं तट्ट फुगत्यात."

"बसा. दुपारच्या आत दितो," आण्णा म्हणाले.

काम साधं होतं. भोक थोडं मोठं करायचं आणि टॅपनं नवे आटे पाडायचे. टॅप म्हणजे आटे पाडायचं कडक पोलादाचं हत्यार. अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, असं हळूहळू उतरवायचं. तो सरळ राहिला पाहिजे. कडक असल्यामुळे तो वाकत नाही, मोडतो.

आण्णांनी झाकण व्हाइसमध्ये घट्ट आवळलं आणि टॅप लावला. मी शेजारी उभी होते. दोन्ही हातांनी फिरवायचा हँडल उजवीकडे झुकत होता. तो सरळ करताना त्यांचं मनगट हलत होतं.

"आण्णा, मी धरू का जरा?"

"ऱ्हाऊ दे."

पुढचा फेरा अर्धा झाला असेल, कट असा बारीक आवाज आला. आण्णांच्या हातात हँडल राहिला, त्यात टॅपचा वरचा तुकडा. बाकीचा टॅप भोकात, कडेच्याही खाली.

बाईंना आधी कळलं नाही. आमचे चेहरे बघून त्या उठल्या आणि भोकात डोकावल्या. "आता?" एवढंच म्हणाल्या.

मोडलेला टॅप ड्रिलनं निघत नाही. तोच इतका कडक असतो की ड्रिलची धार जाते. वर काही आलेलं नव्हतं, त्यामुळे पकडीत धरता येत नव्हतं. एमआयडीसीत ठिणग्या पाडून असा तुकडा जाळायचं मशीन एकाकडे होतं. मी फोन केला. त्यांच्याकडे सुट्टी होती.

आण्णांनी बारीक छिन्नी घेतली आणि टॅपच्या खाचेत टेकवून उलटं ठोकायला सुरुवात केली. छिन्नी एकदा खाचेत बसायची, एकदा बिडावर. टॅपची कपची उडाली आणि त्यांच्या डोळ्याखाली लागली. रक्ताचा थेंब आला. मी फडकं पुढे केलं, त्यांनी ते घेतलं नाही. पुन्हा ठोकायला लागले. झाकणाला तडा गेला असता तर सगळंच संपलं असतं, आणि तसं नवीन झाकण लगेच कुठून आणणार?

बाईंचा फोन वाजत होता. त्या बाहेर जाऊन बोलत होत्या, "व्हय, व्हय, येते. तवर पाणी दाखवा त्यान्ला." पत्रा तापला होता. शटरबाहेर पुणे रोडच्या ट्रकांचा आवाज चालू होता आणि मला वाटलं, हे असंच चालणार. मी याच पत्र्याखाली उभी राहणार, आण्णांच्या हाताकडे बघत, काही न बोलता.

मग हातोडीचा आवाज थांबला. आण्णा स्टुलावर बसले होते. उजवा हात डाव्या हातात धरला होता.

"तू कर," ते म्हणाले. "माझा हात ऱ्हात न्हाई आता."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते हे बोलले. मी म्हणाले, "नट चिकटवून बघू का?"

"बघ. रॉड बारका घे. बिडाला लागू दिऊ नको."

मी भोक फुंकून साफ केलं, त्यावर नट ठेवला आणि नटाच्या आतून टॅपच्या डोक्यावर वेल्डिंगचा थेंब सोडला. काचेआड फक्त तो पांढरा ठिपका दिसत होता. थंड होऊ दिलं, पान्हा लावला. नट सुटून हातात आला. परत घासलं, परत लावला. पुन्हा सुटला. घाम डोळ्यांत उतरत होता आणि मागे दोघं श्वास रोखून उभे होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, बाहेर जा सगळे. पण मी पुन्हा नट ठेवला आणि या वेळी रॉड आत जास्त वेळ धरला, खाच भरून वर येईपर्यंत.

"लगीच हलवू नको," आण्णा म्हणाले. "गार हुतानाच ते सैल हुतं."

थांबले. तेल सोडलं. पान्ह्याला नुसता हात लावून ठेवला, मागे-पुढे, अगदी थोडं. कितीतरी वेळ काहीच नाही. मग हाताला किंचित ढिलाई जाणवली. दाताची मुळं सुटावीत तशी. मी अजून थोडं मागे घेतलं, पुढे दिलं, परत मागे. टॅप करकरत वर आला.

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. मी नवा टॅप लावून आटे पाडले. आण्णा बघत होते. झाकण परत गोणपाटात गेलं.

निघताना बाईंनी आण्णांना नमस्कार केला. आण्णा म्हणाले, "ह्याच्या पुढं काय बी असलं तर हिच्याकडंच द्या. आता हीच बघती दुकान."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच आठवड्यात मी नवऱ्याला सांगितलं होतं, पावसाळ्याआधी मी चाकणला येते. आता कोणत्या तोंडानं जाणार होते? हात थरथरतो हे मान्य होईपर्यंत निदान दुकान त्यांचं होतं, आता ते माझ्यावर आलं होतं.

जेवताना मी म्हणाले, "आण्णा, मला चाकणला जायचंय. तुम्हीही चला."

त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "मला ठावं हाय. लई दिवस झालं ठावं हाय. पर मी तिकडं त्याच्या चवथ्या मजल्यावरच्या घरात बसून काय करू, पोरी? तू जा. मी शटर वडून बसंन."

असं म्हटल्यावर कोण जातं?

मी नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं आणि पहिल्यांदाच त्याच्यापुढे रडले. पुढे त्याने सुप्याच्या एमआयडीसीत नोकरी शोधली. आता रोज सकाळी गाडीवर जातो, संध्याकाळी घरी येतो. लोक म्हणतात, बरं झालं, संसार एका जागी आला. खरंच आला. मी मागितलं होतं जाणं, मिळालं त्याचं येणं.

आण्णा दिवसभर स्टुलावर बसतात आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात. हाताला गोळ्या चालू आहेत, थोडा फरक आहे. आटे पाडायचं काम आलं की ते आपणहून उठून बाहेर जातात, ओट्यावर बसतात. मी काम संपवून हाक मारली की आत येतात.