दाखवायचं वेगळं, ठरवायचं वेगळं

व्यंकटचं आणि सर्वेशचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं, हे पंचाक्षरी सरांच्या क्लासात झाडू मारणाऱ्या बाईलासुद्धा माहीत होतं. एकाच खोलीत दोघांची टेबलं, मधे एक कूलर, आणि त्या कूलरचं तोंड कुणाकडं करायचं यावरून रोज सकाळी शिव्या. व्यंकट क्लासची वेबसाइट चालवायचा. सर्वेश नांदेडचा फ्लेक्सवाला. गुणवंत पोरांचे हसरे फोटो चौकाचौकांत टांगून त्याचं नाव झालं होतं, म्हणून सरांनी त्याला वेबसाइट सजवायला आणून बसवला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! व्यंकट त्याला तोंडावर 'फ्लेक्स' म्हणायचा. सर्वेश त्याला 'किल्लारी' म्हणायचा, आणि ते मात्र व्यंकटच्या वर्मी लागायचं.

कारण व्यंकट खरंच तिकडचा. किल्लारीच्या शेजारचं गाव, भूकंपात सपाट झालेलं. पत्र्याच्या शेडात अभ्यास करून, नांदेडला एम.सी.ए. करून तो लातूरला आला, तोवर भूकंपाला सोळा-सतरा वर्षं होऊन गेली होती. पण गावाचं नाव सांगितलं की लोक अजून माना वाकड्या करून विचारायचे, तुमच्या घरातलं कोण गेलं? व्यंकट म्हणायचा, तुम्हाला काय करायचंय? असल्या तिरसट माणसाला मित्र कुठून मिळणार? मिळाले नाहीत.

लातुरात तेव्हा क्लासचं पीक आलं होतं. उदगीर, मुरूड, रेणापूर, कुठून कुठून पोरं ट्रंका घेऊन उतरायची. गल्लीबोळात डॉक्टर-इंजिनिअर बनवायचे कारखाने. पंचाक्षरी सर त्यातले मोठे कारखानदार. त्यांची पहिली तुकडी म्हणजे स्वर्गाचं दार. त्या तुकडीला सर स्वतः शिकवायचे, आणि राहणं, जेवण, फी सगळं माफ. दुसऱ्या तुकडीला दामदुप्पट फी आणि काल पास झालेले मास्तर. पहिल्या तुकडीसाठी परीक्षा व्हायची आणि निवडीची यादी वेबसाइटवर लागायची.

आणि ती वेबसाइट म्हणजे नुसती खिचडी होती. व्यंकटच्या आधी कुणी एक महाभाग होता, त्यानं सगळं एकाच फाइलीत कोंबून ठेवलेलं. कुणी यादी बघायला क्लिक केलं की सर्व्हर मार्क काढणार, त्यांची क्रमवारी लावणार, जागा वाटणार, आणि ते करता करताच पान रंगवून पाठवणार. एका ओळीत मार्कांची बेरीज, तिच्याच खाली लाल पट्टी. एका ओळीत जागा संपल्या का ते बघायचं, तिच्याच खाली सरांच्या वाढदिवसाची झालर. झालर ओढायला गेलं तर बेरीज हातात यावी अशी अवस्था.

व्यंकट आल्या दिवसापासून बोंबलत होता की हे वेगळं करा. कुणाची निवड ते ठरवणारी फाइल एक, आणि ठरलेलं दाखवणारी फाइल दुसरी. ठरवणारीनं रंगात नाक खुपसायचं नाही, दाखवणारीनं निवडीत. मग हा फ्लेक्सवाला वरून सोन्याचा मुलामा चढवू दे नाहीतर शेण सारवू दे, आत धक्का लागणार नाही. सरांनी दर वेळी एकच उत्तर दिलं. पोरांना पान दिसतं, पोरांच्या बापांना पान दिसतं, आतलं कोण बघतंय? वेगळं करायला लागणारा वेळ त्यांना वाया वाटायचा. वरून ते व्यंकटला म्हणायचे, तुला काम नको म्हणून सबबी सांगतोस. व्यंकट उलटून बोलायचा, सर दार दाखवायचे, आणि दुसरा कुणी इतक्या पगारात मिळत नाही म्हणून पुन्हा बोलवायचे.

त्या वर्षी व्यंकटची बहीण परीक्षेला बसली. गीतांजली. भूकंपाच्या पुढच्या साली शेडातच जन्मलेली, घरात सगळ्यांच्या तळहातावर वाढलेली. दहावीला चांगले मार्क पडले, पण बाप, ग्यानोबा, हिशेबी माणूस. त्यानं सरळ सांगून टाकलं होतं की पोरगी पहिल्या तुकडीत लागली तर लातूर, नाहीतर स्थळं बघायला तो मोकळा. दुसऱ्या तुकडीची फी ना त्याच्या शेतातून निघणार होती, ना व्यंकटच्या पगारातून. त्यामुळं पोरीचं सगळं त्या एका यादीवर टांगलेलं. व्यंकटनं तिचा अर्ज स्वतः भरला, मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि अर्जाबरोबर वेबसाइटवर चढवला.

यादी लागायच्या आदल्या दिवशी सरांनी व्यंकटला उदगीरच्या शाखेतलं बंद पडलेलं मशीन बघायला पिटाळलं. इकडं त्यांनी यादीचं पान उघडून बघितलं आणि त्यांचं डोकं फिरलं. खेड्यातल्या पोरांनी अर्ज कागदावर दिलेले. त्यांचे फोटो कुणी स्कॅन केलेच नव्हते. त्यामुळं पानावर जागोजागी फोटोच्या ठिकाणी नुसती राखाडी मुंडकी. हे काय स्मशान करून ठेवलंय, पालक थुंकतील, असं म्हणत त्यांनी सर्वेशला पान साफ करायला सांगितलं. सर्वेशनं साफ केलं. त्यानं फाइल उघडली आणि एक ओळ घातली. ज्याला फोटो नाही, त्याला सोडून पुढं चल.

मुंडकी गेली, पान उजळलं. पण पान रंगवणारी ओळ आणि जागा वाटणारी ओळ एकाच फेऱ्यात फिरत होती ना! ज्याला दाखवायचं सोडलं, त्याला जागा द्यायचंही सुटलं, आणि त्याची जागा मागच्याला गेली. सर्वेशला याचा पत्ता नाही. सर खूश. यादी लागली.

गीतांजलीचं नाव होतं. अगदी शेपटाला, पण होतं. पुनर्वसनाच्या गावात नागाबाईनं, व्यंकटच्या मायनं, घरोघर साखर वाटली. ग्यानोबा कधी फोन न करणारा माणूस, त्यानं फोन करून लेकाला सांगितलं की तुझ्यामुळं झालं. व्यंकट त्या दिवशी कूलरवरूनसुद्धा भांडला नाही.

मग रत्नम्मा आली. देगलूरकडची बाई, दुसऱ्याच्या रानात राबणारी, बरोबर तिची पोरगी. वॉचमननं अडवलं तरी ती हटेना. व्यंकटनं तिला आधी झिडकारलंच. यादीत नाव नाही म्हणजे नाही, मावशी, उगी डोकं खाऊ नका, असं तो म्हणाला. ती म्हणाली की आमच्या गावच्या सावकाराच्या पोराला माझ्या पोरीपेक्षा कमी मार्क आहेत, तो कसा लागला तेवढं सांगा, मी जाते. तिची कटकट जावी म्हणून व्यंकटनं मार्क काढून बघितले. पोरीचे मार्क खरोखर जास्त होते. मग त्यानं फाइल उघडली, आणि सर्वेशची ओळ त्याला दिसली.

खोटं कशाला बोला, त्याला आधी आनंद झाला. गडी खुर्चीतून उठलाच. आता या फ्लेक्सला सरांपुढं नागडा करतो, असं त्याच्या मनात आलं. बाईला बाहेर बसवून त्यानं बसल्या बैठकीला निवड वेगळ्या फाइलीत काढली. तिच्यात फोटो नाही, रंग नाही, नुसते मार्क आणि जागा. खरी यादी समोर आली. रत्नम्माची पोर वरच्या नंबरात. तिच्यासारखी आणखी किती तरी, सगळी खेड्यापाड्यातली. व्यंकट खाली खाली बघत शेपटाला आला, आणि यादी संपली. गीतांजली नव्हती. त्यानं पुन्हा चालवून बघितलं. पुन्हा नव्हती.

तो तसाच सरांकडं गेला. सरांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळावर आठी नाही. वसतिगृह भरलं, जाहिरात छापून झाली, वाढीव जागा एकही मिळणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "नियमाच्या पानावर लिहून टाक, फोटो नसेल तर अर्ज बाद. तारीख मागची घाल. आणि तुझ्या बहिणीची जागा तर आहेच की. तुला रे कामून खाज सुटली?"

बघा म्हणजे! एका फ्लेक्सवाल्यानं मुंडकी झाकायला घातलेली ओळ, तिचा आता नियम होणार होता. सर्वेश दाराशी उभा राहून सगळं ऐकत होता. हसून म्हणाला, "कर की आता येगळं येगळं, किल्लारी."

व्यंकट जागेवर येऊन बसला. राग तर आला होता, पण तो नेमका कुणावर हे त्यालाच कळेना. गुमान बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. खेड्यातली पोरं नशिबाला बोल लावून परत जाणार होती. त्यानं एक मधली वाटही काढून बघितली. निवडीच्या नव्या फाइलीत एक ओळ घातली, की हे नाव आलं तर मार्क न बघता शेवटची जागा द्या. चालवली. गीतांजली आली, आणि तिच्यापायी रेणापूरचा कुणी एक पोरगा बाहेर पडला. ती ओळ तो बघत राहिला. सर्वेशनं निदान न कळून तरी घातली होती. हा शिकून सवरून, कळून घालत होता. त्यानं स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली आणि ओळ पुसली. मग खरी यादी वेबसाइटवर चढवली आणि कुणालाही न विचारता, बाहेर बसलेल्या रत्नम्मालाही काही न सांगता, आपल्या खोलीवर गेला.

दुसऱ्या दिवशी फाटकात पालकांची झुंबड. काही ज्यांची नावं आली ते, काही ज्यांची गेली ते. पंचाक्षरी सर कसलेला माणूस. त्यांनी हात जोडले, आमच्या कॉम्प्युटरवाल्याच्या निष्काळजीपणामुळं आधीची यादी चुकली, असं सगळ्यांना सांगितलं, खेड्यातल्या लेकरांवर अन्याय होऊ देणार नाही म्हणून टाळ्या घेतल्या, आणि सगळ्यांच्या देखत व्यंकटला कामावरून काढलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. व्यंकट तोंड उघडायला गेला तर गर्दीनं त्याची कॉलर धरली. रत्नम्मानं सरांच्या पाया पडून पोरीला आत सोडलं, आणि बाहेर येऊन व्यंकटपुढं उभी राहिली. काल यानंच आपल्याला झिडकारलं होतं, एवढं तिच्या ध्यानात होतं. गरिबाच्या लेकराचा तळतळाट घेतलास, तुझं कधी भलं होणार नाही, असं ती म्हणाली आणि त्याच्या पायाशी थुंकली. त्याला तिचा राग आला, लई आला. पण तिला काय सांगणार, आणि कोणत्या तोंडानं?

तो औशाची गाडी धरून गावाकडं गेला. बातमी त्याच्या आधी पोचली होती. ग्यानोबा ओसरीवर होता. लेकाला बघून उठला आणि चपला घालून शेताकडं चालता झाला. गीतांजली आतल्या खोलीत दार लावून बसलेली. व्यंकटनं दाराशी जाऊन तिला सगळं समजावून सांगितलं. तुझं नाव चुकीनं आलं होतं, मी काढलं नाही, ते नव्हतंच, असं तीन-तीनदा सांगितलं.

नागाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. तो शेजारी बसला आणि तिलाही तेच सांगू लागला. यादी मार्कानं लागते, माय. आपलं माणूस म्हणून घुसवलं असतं तर दुसऱ्याचं लेकरू बाहेर पडलं असतं. ज्याचा नंबर आधी, त्याची जागा.

"भूकंपाच्या पहाटी मातीखाली तुमी दोघं व्हता," नागाबाई म्हणाली. "तू अन् तुजी आक्का."

व्यंकटची थोरली बहीण त्या पहाटे गेली होती, आणि इतक्या वर्षांत तिचं नाव या घरात कुणी काढलं नव्हतं.

"आक्का हाका मारू लागली व्हती. तुजा आवाजबी न्हवता. आधी कुणाला काडायचं, कुणाचा नंबर हाय, म्या बगितलं न्हाई. जो हात माज्या हाताला लागला त्यो वडला. तुजा निगाला. पुना माती बसली, अन् आक्काची हाक बंद झाली." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "म्या नंबर बगितला असता तर तू आज हितं बसून मला नंबर सांगितला नसतास."

तिनं भाकऱ्या दुरडीत ठेवल्या, दुरडी उचलली आणि गीतांजलीच्या दाराशी जाऊन तिला जेवायला हाक मारली. व्यंकटला तिनं जेवतोस का म्हणून विचारलं नाही.