अंदमानात, नवऱ्याच्या उजव्या हाताला

अंगावरची हळद उतरायच्या आत मी नवऱ्यावर संशय घेतला, आणि तोही अंदमानात, जिथं मन मोकळं करायला ओळखीचं कुणी नव्हतं.

मी जिंतूरची. नवरा परभणीचा, कापडदुकानवाला, बोलायला गोड. पण मधेच असा गप्प व्हायचा की जणू मी शेजारी नाहीच. सकाळी तो लिंगपूजेला बसला की मी हाक मारायची, ओ नाही. पहिले दोन-तीन दिवस ते मी भक्तीच्या खात्यावर टाकलं.

त्या दिवशी आमची बेटं बघायची फेरी होती. लग्नात आणि नंतरच्या पूजांत बायकांनी मला ढकलून ढकलून त्याच्या उजव्या हाताला बसवलं होतं, म्हणून मी सगळीकडे तीच जागा धरून होते. बोटीतही तिथंच बसले. तर हा उठला आणि मधली वाट ओलांडून पलीकडे जाऊन बसला! किनाऱ्यावर उतरलो, फोन वाजला, की स्वारी शहाळेवाल्याच्या टपरीमागे.

"कुणाचा होता?"

"दुकानाचा."

दर वेळी दुकानाचाच. दुकानाशी इतकं आडोशाला जाऊन कोण बोलतं?

दुपारी पाण्याखालची पोवळी बघायची होती. पाण्यात घालायचे मुखवटे वाटणाऱ्या माणसाला त्यानं बाजूला घेतलं, हळूच काहीतरी सांगितलं. त्या माणसानं मान डोलावली आणि माझ्याकडे बघितलं.

"तू जा, मी कपडे सांभाळतो," नवरा म्हणाला. पॅकेजमधलं काही सोडायचं नाही असं घरून निघताना बजावणारा माणूस कपडे सांभाळणार! कुठंतरी पाणी मुरत होतं.

मी गेलेच नाही. वाळूत त्याच्या उजवीकडे बसले आणि सगळा धीर गोळा करून विचारलं, "तुमच्या मनात दुसरी कोणी हाय का?"

तो समुद्राकडे बघत शहाळं पीत राहिला.

मी पुन्हा विचारलं. आता रडू आलं होतं. तरी याचं शहाळं चालूच. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी ते शहाळं हिसकून वाळूत फेकलं.

तो दचकून वळला. "काय झालं? पुन्हा त्याच बाजूनं बोललीस का?"

"कोणत्या बाजूनं?"

"अगं, या कानानं ऐकू येत न्हाई मला. लहानपणापासून. त्यात पाणी गेलेलं चालत न्हाई, म्हणून समुद्रात बी जाता येत न्हाई. वाऱ्यात फोनसुद्धा धड ऐकू येत न्हाई."

"मला कधी सांगितलं तुमी?"

"तुझ्या पप्पांना सांगितलं की! बघायला आलो त्याच दिवशी. तिला मी सांगतो म्हणाले. मग तुमचा होकार आला. मला वाटलं, सगळं माहीत असून पसंत केलं हिनं." तो खाली बघू लागला. "इथं आल्यापासून वाटायलंय, तू मुद्दाम उजवीकडून बोलायलीस. खोड काढायलीस माझी."

म्हणजे तोही माझ्यावर संशय घेत होता. मला हायसं वाटायला हवं होतं. पण माझा संशय त्याच्यावरून उठला तो थेट जिंतूरला जाऊन माझ्या बापाच्या दारात बसला. परभणीची चार दुकानं फिरून पप्पांनी चौकशी केली होती आणि घरी येऊन मला सांगितलं होतं, पोरात काही खोट न्हाई. माझा सगळ्यांत जास्त विश्वास त्यांच्यावर.

तिथूनच फोन लावला.

"बोल बाई. खूश हायेस ना? जावई बोलतात ना नीट?"

"बोलतात. ऐकू मात्र एकाच कानानं येतं."



"तू न्हाई म्हटली असतीस," पप्पा म्हणाले. "पोरगं लय चांगलं हाय, बाई."

"चांगलंच हाय. पण मी काय म्हटलं असतं, ते आता मला बी कधी कळायचं न्हाई, पप्पा. तुमी विचारलंच न्हाई."