सासूबाईंच्या मानेतले शिरवाळे

साखरपुडा झाला आणि महिन्याभरात माझ्या मानेवर पांढुरके डाग उमटले. देवबागहून होणाऱ्या सासूबाई मुहूर्त ठरवायला आल्या, त्यांनी माझा पदर सरकवून पाहिलं आणि चहाची बशी खाली ठेवली.

"ह्यां कोड आसा. माका अशी सून नको."

मुलगा मला मनापासून आवडला होता. मला रडू आलं, आणि बाईंचा असा राग आला की काय सांगू! वडील मात्र शांतपणे म्हणाले, "मालवणात डॉक्टरांकडे सूक्ष्मदर्शक आसा. चला, बघून येवया."

डॉक्टरांनी माझ्या मानेवरचा कोंडा खरवडून काचेवर घेतला, त्यावर पोटॅशचा थेंब टाकला आणि पितळी यंत्र खिडकीशी सरकवलं. सासूबाईंनी चपला दाराबाहेर काढल्या, पिशवीतला नारळ यंत्रापुढे ठेवला आणि देवळात घालतात तसं गाऱ्हाणंच सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, चेडवाच्या मानेर काय आसा, तां खरां दाखव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सवयीने ओरडलो. कंपाउंडरसुद्धा ओरडला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

मग बाईंनी डोळा लावला. आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या, त्यावर त्या दचकल्या. नंतर किंचाळल्या, "अगो, शिरवाळे! मधी साबुदाणे!"

तांदळाच्या शेवया डॉक्टरांनीही खाल्लेल्या होत्या. "अगदी बरोबर. आखूड, वाकडे धागे आणि गोल बीजाणूंचे घोस. ही बुरशी आहे, शिबं म्हणतात ती. कोडात असलं काही दिसत नाही. मलमाने जाईल."

"असले शिरवाळे सगळ्यांच्याच कातडीत असतले. माजी घाला बघूया!"

डॉक्टरांनी त्यांचीही मान खरवडली. बराच वेळ पाहिलं. मग खाकरून म्हणाले, "बाई, तुमच्याकडे तर पंगत बसलीय."

वडील घाईघाईने खिडकीबाहेर बघू लागले. यंत्राला खोटं ठरवायची सोय बाईंनीच ठेवली नव्हती. गाऱ्हाणं घातलं की मिळेल तो कौल मानायचा, ही आमच्याकडची रीत. त्यांनी यंत्रापुढचा नारळ उचलून वडिलांच्या हातात दिला.

"फोडा तो," शेवटी म्हणाल्या.

लग्नात आम्हा दोघींना गंधकाच्या मलमाचा वास येत होता. अंतरपाटापलीकडे नवरा सारखा शिंकत होता. सासरच्या पहिल्या सकाळी सासूबाई डबी घेऊन आल्या, माझ्या मानेला त्यांनी हलक्या हाताने मलम चोळलं, मग पाठमोऱ्या बसून स्वतःचा पदर खाली घेतला.

"आता तू माका लाय गो."